मागणी फेटाळली, म्हणून मृत्यू फेटाळता येत नाहीत

गोवारींचं प्रकरण आता संपलं, असं म्हणणारे नागपुरात वाढले आहेत. कळमन्याच्या बाजारात हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर हे वाक्य हमखास कानावर येतं. आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात, भंडाऱ्याकडून धानाच्या गाड्या येत असतात, आणि मोर्च्यांसाठी शहरातले कोणते रस्ते बंद राहणार याची विचारपूस अडत्यांच्या गाळ्यांवर सुरू झालेली असते. बोलता बोलता विषय २३ नोव्हेंबरवर येतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘तीस वर्षं होऊन गेली ना बापा, आता किती दिवस तेच धरून बसाचं?’ दुसरा पुस्ती जोडतो, गर्दीत अशा गोष्टी होतातच, कुणी मुद्दाम थोडंच मारलं. ज्याला कोर्टकचेरी कळते तो सांगतो की मागणीच सुप्रीम कोर्टात टिकली नाही, तेव्हा आता रडण्यात काय हशील. आणि शेवटी पुलाचा दाखला येतो : सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलं, झिरो माइलजवळ स्मारक झालं, याहून जास्त कुणाला काय मिळतं?

बोलणारी ही माणसं निर्दय नाहीत. पहाटे तीनला उठून पोती उचलणारी, भावात मार खाल्लेल्या शेतकऱ्याला उधारीवर चहा पाजणारी अशीच आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला उत्तर द्यायला हवं. एखाद्या हत्याकांडाची आठवण पुसण्यासाठी हुकूमशहा लागत नाही. चांगल्या माणसांच्या तोंडी ‘झालं गेलं’ बसलं की ते काम आपोआप होतं.

आधी घटना. २३ नोव्हेंबर १९९४, बुधवार. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. गोवारी समाजाचे सुमारे ५० हजार लोक मोर्चा घेऊन विधानभवनाच्या दिशेने आले आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटजवळ अडवले गेले. सरकारकडून कुणीतरी येऊन निवेदन घ्यावं, दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठी ते थांबून होते. पोलिसांनी गर्दी पांगवायला लाठीमार केला. पुढे अडथळे, मागे हजारोंचा रेटा. ११४ माणसं मेली, ५०० हून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. स्वतंत्र महाराष्ट्रात विधिमंडळाच्या दारात, एका शांत मोर्चात, एका संध्याकाळी इतकी माणसं याआधी गेली नव्हती आणि नंतरही गेलेली नाहीत.

कळमना या घटनेपासून लांब नाही. गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा रोड, कामठी अशी येणारी गाडी कळमन्यावरूनच नागपुरात शिरते. भंडाऱ्याचा रस्ताही पारडीहून, याच अंगाने शहरात येतो. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९९ मध्ये झाला. पूर्वेकडच्या गावांतून लेकरं काखेला मारून निघालेल्या बायकांना नागपूर लागलं ते याच बाजूने.

गोवारी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं राखणारा समाज. दिवाळीत पूर्व विदर्भातल्या गावागावांत ढाल निघते, गायगोधनाची पूजा होते, तेव्हा गोवारी मानकरी असतो. एरवी त्याच गावात त्याच्या नावावर जमीन असली तर असते. १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही गोवारींची आणि त्यांच्या गोंडांशी असलेल्या नात्याची नोंद आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असं नाव आहे. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने सरकारने गोंड गोवारी आणि गोवारी वेगळे असल्याचं ठरवलं आणि समाजाच्या हातातले दाखले अडले. शिक्षणाची आणि नोकरीची दारं त्या एका कागदावर बंद झाली. १९९४ चा मोर्चा त्या कागदाविरुद्ध होता.

आणि ते नागपुरातच का आले, हेही विसरायला नको. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून १९५३ मध्ये नागपूर करार झाला. विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरेल, असं त्यात कबूल केलेलं होतं. मुंबईला जाण्याची ऐपत नसलेल्याला आपलं गाऱ्हाणं सरकारच्या दारात मांडता यावं, हाच त्याचा अर्थ. गोवारी चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी आले नव्हते. राज्याने वैदर्भीय माणसाला जी जागा आणि जी वेळ लिहून दिली होती, तिथेच आणि तेव्हाच ते आले.

आता ‘गर्दीत होतंच’ या म्हणण्याकडे.

गर्दी स्वतःहून माणसं मारत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की कुणाच्याच पायांवर कुणाचा ताबा राहत नाही. लोंढा पाण्यासारखा हलायला लागतो. माणूस तुडवला जाऊनच मरतो असं नाही. बहुतेक जण उभ्या उभ्याच जातात, कारण छाती फुलायला जागा उरत नाही आणि श्वास आत घेता येत नाही. उंचीने कमी, अंगाने लहान माणसं आधी जातात. मेलेल्यांत बायका आणि मुलं जास्त का होती, याचं उत्तर दैवात शोधायची गरज नाही. हजारो लोक एका अरुंद जागी अडवून ठेवले, बाहेर पडायला पुरेशी वाट ठेवली नाही आणि पुढून काठी चालली, तर काय होतं हे कोणत्याही अनुभवी पोलीस अधिकाऱ्याला ठाऊक असतं. मोर्चा कुठे थांबवायचा, अडथळे कुठे लावायचे, किती लोक येणार याचा अंदाज कुणी घ्यायचा, निवेदन घ्यायला कुणी जायचं, काठी उगारण्याचा हुकूम कुणी द्यायचा, हे सगळे माणसांचे निर्णय असतात आणि त्या प्रत्येक निर्णयाला एक पद, एक नाव आणि एक वेळ असते.

कळमनेकरांना हे पटवायला फार लांबचं उदाहरण नको. १९ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री कळमन्यात बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा एक भाग कोसळला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पण दुसऱ्या दिवशी या भागातला एकही माणूस ‘पूल म्हटला की पडायचाच’ असं म्हणाला नसेल. कोणत्या खांबावरचा भाग पडला, काम कुणाचं, तपासणी कुणी केली, चौकशी कधी, हेच सगळे विचारत होते, आणि ते बरोबरच होतं. सिमेंट पडलं तर कारण विचारायचं आणि ११४ माणसं पडली तर नशीब म्हणायचं, हा फरक गोवारी या नावापाशी येऊन होतो. विधानभवनासमोर शहरातल्या सुखवस्तू घरांतली शंभर माणसं गुदमरून मेली असती, तर ‘गर्दीत होतंच’ हे वाक्य एक दिवसही टिकलं नसतं.

असंच वाक्य इंग्लंडमध्ये मात्र २७ वर्षं टिकलं होतं. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना बघायला आलेले लिव्हरपूलचे लोक कठड्यांमागे चिरडले गेले. त्यात एकूण ९७ जण गेले. बाहेरची गर्दी कमी व्हावी म्हणून पोलिसांनीच एक मोठं दार उघडलं आणि आधीच भरलेल्या भागात हजारो माणसं शिरली. दार प्रेक्षकांनी जबरदस्तीने उघडलं, असं बंदोबस्ताच्या प्रमुखाने सांगितलं. प्रेक्षक दारू प्यायले होते, मेलेल्यांचे खिसे कापत होते, असं एका मोठ्या वृत्तपत्राने छापलं. न्या. टेलर यांच्या अहवालाने त्याच वर्षी पोलिसांच्या नियोजनाकडे बोट दाखवलं होतं, तरी १९९१ मध्ये मृत्युचौकशीचा निकाल आला तो अपघाताचाच. मेलेल्यांच्या आया-बापांनी तो मानला नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र पॅनेलने लाखो कागद उघडे केले तेव्हा दिसलं की पोलिसांच्या १६४ जबाबांत फेरफार केलेला होता. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने निर्णय दिला : ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली. पुढे बंदोबस्ताचा प्रमुख फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला, पण इतिहासात जे लिहिलं गेलं ते आता पुसता येत नाही. दोष कुणाला द्यायचा हे ठरवायला कागद लागले, साक्षी लागल्या आणि न थकणारे नातेवाईक लागले. लिव्हरपूलच्या लोकांना वकील, वृत्तपत्रं आणि खासदार मिळाले. गुराख्यांना यातलं किती मिळालं?

इथे दाणी आयोगाचं नाव पुढे केलं जातं. राज्य सरकारने न्या. एस. एस. दाणी यांचा एकसदस्यीय आयोग नेमला आणि आयोगाने तत्कालीन सरकारला जबाबदार धरलं नाही. मग तुम्ही कोण बोलणारे, असा सवाल येतो. चौकशी आयोग म्हणजे काय, हे हा सवाल करणाऱ्यांनी तपासायला हवं. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेला आयोग हे न्यायालय नव्हे. तो शिक्षा देत नाही आणि निर्दोषही सोडत नाही. त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. आयोगासमोर दिलेला जबाब, खोटी साक्ष सोडली, तर त्याच माणसाविरुद्ध खटल्यात वापरताही येत नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये राज्य सरकारने सरळ नाकारला, तेव्हा आयोगाचा शब्द हा शेवटचा शब्द आहे असं कुणी म्हटलं नाही. आयोगाने ठपका ठेवला की तो नाकारायचा आणि ठेवला नाही की तो निकाल म्हणून मिरवायचा, असं चालत नाही.

त्या वेळच्या सरकारमध्ये एका माणसाला हे कळलं होतं, हे नोंदवायला हवं. आदिवासी विकास खात्याचे मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. शरद पवार मुख्यमंत्री होते. काही महिन्यांत निवडणूक झाली आणि सरकार गेलं. पण राजीनामा ही नैतिक जबाबदारी असते. टी पॉइंटवर हुकूम देण्याच्या साखळीत कोण कोण होतं, याचं उत्तर राजीनाम्यातून मिळत नाही. या मृत्यूंसाठी कुणालाही शिक्षा झालेली नाही.

हे अटळ होतं असंही नाही. त्याच दशकात, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. तिथेही आधी स्वसंरक्षणाची गोष्ट सांगितली गेली. पण वस्ती गप्प बसली नाही. लोकांनी गुंडेवार आयोगापुढे साक्षी दिल्या, आयोगाने उपनिरीक्षक मनोहर कदम याच्यावर ठपका ठेवला आणि २००९ मध्ये मुंबईतल्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयात शिक्षेला स्थगिती मिळाली, ती गोष्ट वेगळी आणि दुखरी आहे. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षं चित्रीकरण करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला, त्यामुळे रमाबाई नगरातल्या माणसांचे आवाज आणि चेहरे आज कुणालाही पाहता येतात. गोवारींच्या वाट्याला असा माहितीपट आला नाही, अशी वस्ती नव्हती. त्यांची माणसं एका चाळीत राहत नव्हती. ती शेकडो खेड्यांत विखुरलेली होती, आणि मेलेल्यांना घेऊन तिथेच परत गेली.

सगळ्यात टोकदार मुद्दा न्यायालयाचा आहे आणि त्याचा पाया खरा आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं.

१९९५ मध्ये नव्या युती सरकारने गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं. त्या प्रवर्गाला २ टक्के आरक्षण आहे. समाजाची मूळ मागणी अनुसूचित जमातीची होती, म्हणून लढा न्यायालयात गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला : ‘गोंड गोवारी’ नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच नामशेष झालेली आहे, त्यामुळे यादीतल्या त्या नोंदीचा लाभ गोवारींचाच आहे. गावोगावी गुलाल उधळला गेला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमाखाली निघालेली यादी जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात भर घालण्याचा किंवा बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला, न्यायालयाने पुरावा घेऊन नोंदीचा अर्थ बदलायचा नाही, असं त्याचं सूत्र होतं. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या न्यायालयाने राखल्या.

निकाल मान्य. पण त्याने काय ठरलं आणि काय ठरलं नाही? यादीतल्या १८ व्या क्रमांकाच्या नोंदीत गोवारी येतात का, एवढंच ठरलं. ११४ माणसं का मेली, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर नव्हताच. ज्याची मागणी कायद्यात बसत नाही त्याला चिरडलं तरी चालतं, असा अर्थ त्या निकालातून काढणारा माणूस निकालही वाचत नाही आणि राज्यघटनाही. मागणी करण्याचा हक्क मागणी बरोबर असण्यावर अवलंबून नसतो. तो तसा असता, तर मोर्चा काढण्याआधी प्रत्येकाला सुप्रीम कोर्टाचा दाखला खिशात घालून निघावं लागलं असतं.

महाराष्ट्राला हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मुंबईसह मराठी भाषकांच्या राज्याची मागणी त्याने मानली नाही. विदर्भ तर त्याने वेगळा सुचवला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला मोर्चा अडवला गेला, गोळ्या सुटल्या, माणसं पडली. आंदोलन संपेपर्यंत १०६ हुतात्मे झाले, असं महाराष्ट्र म्हणत आला आहे. त्यांच्यासाठी हुतात्मा चौक आहे, दर १ मेला मुख्यमंत्री तिथे फुलं वाहतात, शाळेच्या पुस्तकात धडा आहे. ते पडले तेव्हा त्यांची मागणी एका अधिकृत आयोगाने नाकारलेली होती, असं म्हणून त्यांचा मृत्यू आज कुणी लहान करत नाही. उद्या १९६० उगवलं नसतं, मुंबई वेगळी राहिली असती, तरी त्यांच्या छातीतली गोळी खरीच राहिली असती. मग २१ नोव्हेंबरला जो न्याय लागतो तो २३ नोव्हेंबरला का लागू नये? १०६ मराठी माणसं राज्याची, आणि ११४ गुराखी एका जातीचे?

हा प्रश्न कळमन्याच्या बाजारात विचारला तर उत्तर येतं की तेव्हा सगळ्यांचं भलं होतं, इथे एका समाजाचं. पण ज्या राज्यासाठी तेव्हा माणसं मेली, ते राज्य याच गुराख्यांचंही आहे. नागपूर कराराने त्यांना अधिवेशनाचं दार दाखवलं आणि त्याच दारात ते मेले. यापेक्षा मोठा राज्याचा विषय कोणता?

उरला ‘किती दिवस धरून बसायचं’ हा प्रश्न. आठवण धरून बसण्याची हौस कुणालाच नसते. ज्या मुलाने आठव्या वर्षी आईचा हात सुटताना अनुभवला, तो आज चाळिशीत आहे. लाल बत्ती, शिट्टी, बाजारातली अचानक उठलेली रेटारेटी त्याला काय करते, हे त्याला विचारून बघा. अशा आघाताची आठवण नेहमीच्या आठवणीसारखी क्रमाने साठत नाही, असं या क्षेत्रातले डॉक्टर सांगतात. एखादा तपशील लख्ख राहतो, त्याच्या आधीचं-नंतरचं गळून पडतं. कुणी सांगतो आधी धावपळ झाली मग काठी. कुणी सांगतो आधी काठी. मग लगेच आक्षेप येतो : यांच्या साक्षीच जुळत नाहीत.

साक्षी जुळाव्यात म्हणूनच त्या शेकड्यांनी घ्यायच्या असतात. जालियनवाला बागेनंतर सरकारने हंटर समिती नेमली. काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला आणि स्वतःची चौकशी केली. गांधीजी आणि त्यांचे सहकारी पंजाबात गावोगाव फिरले, सुमारे १७०० साक्षी तपासल्या, त्यांतल्या ६५० छापल्या. जी साक्ष शंकास्पद वाटली ती बाजूला ठेवली. मृतांचा सरकारी आकडा ३७९ चा होता. आज जगाला अमृतसर ठाऊक आहे ते मोठ्या प्रमाणात त्या कामामुळे. शंभर वर्षांपूर्वी, टेपरेकॉर्डर नसताना, पारतंत्र्यात हे होऊ शकलं. स्वतंत्र महाराष्ट्रात, विद्यापीठं हाताशी असताना, गोवारींचे असे जबाब एकत्र छापलेलं पुस्तक कोणत्या ग्रंथालयात मिळतं?

२३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनात अधिवेशन चालू होतं. सभागृहातला शब्दन्‌शब्द टिपून घ्यायला प्रतिवेदक असतात. कुणी कुणाला टाळी दिली, कुणी सभात्याग केला, सगळं छापलं जातं. भिंतीपलीकडे जे लोक ओरडत होते, त्यांचं ओरडणं टिपायला कुणी नव्हतं. राज्याची आठवण अशी एका बाजूने भरलेली आणि दुसऱ्या बाजूने रिकामी आहे.

खैरलांजीचे भैयालाल भोतमांगे इथे आठवतात. मोहाडी तालुक्यातलं ते गाव, कळमन्याहून जाणाऱ्या त्याच वाटेवरच्या भंडारा जिल्ह्यातलं. २९ सप्टेंबर २००६ ला त्यांची बायको सुरेखा, मुलगी प्रियंका आणि मुलं रोशन व सुधीर यांना जमावाने मारलं. त्यानंतर दहा वर्षं हा माणूस साक्षीदार म्हणूनच जगला : पोलिसांपुढे, भंडाऱ्याच्या न्यायालयात, सभांमध्ये, पत्रकारांपुढे. फाशीच्या शिक्षा २०१० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलल्या, अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही, तरी तो सांगत राहिला. जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. त्यांनीही ‘झालं गेलं’ म्हणावं असा सल्ला देणारे भेटले असतीलच. त्यांनी तो ऐकला असता तर खैरलांजी हे गावाचं नाव आज भंडाऱ्याच्या बाहेर कुणाला माहीत नसतं. सोसलेल्याला बोलू देणं हे त्याच्यावर उपकार नाहीत. त्याच्या बोलण्याने आपल्याला आपलं राज्य कळतं.

पुलाबद्दलही बोलायला हवं, कारण पुलाचा दाखला सगळ्यांत प्रामाणिकपणे दिला जातो. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला ‘आदिवासी गोवारी शहीद’ हे नाव आहे, हे चांगलंच झालं. झिरो माइलजवळच्या स्मारकावर दर २३ नोव्हेंबरला खेड्यांतून लोक येतात, फुलं वाहतात, हेही मोलाचं. समाजाने ते भांडून मिळवलं आहे. पण पुलावरून रोज जाणाऱ्या कॉलेजच्या पोराला गोवारी कोण, त्यांना शहीद का म्हणायचं, ते कोणाच्या काठीने आणि कोणाच्या हुकमाने पडले, हे नावावरून कळत नाही. त्यातला ‘शहीद’ हा शब्द राज्याने लावला आणि त्यांना मारलं कोणी हा प्रश्न राज्यानेच मोकळा ठेवला. नेते येतात, भाषणं होतात, मागणीचा पाठपुरावा करू असं आश्वासन दिलं जातं आणि मृत्यूची गोष्ट मागणीच्या गोष्टीत विरघळून जाते. राजकारणी गोवारींचा वापर करतात, हा बाजारातला आक्षेप इथे बरोबर आहे. त्यावरचा उपाय मात्र आठवण बंद करणं हा नाही. तपशील जेवढे पक्के, तेवढा भाषणबाजीला वाव कमी.

करायचं काय, तेही स्पष्ट आहे. दाणी आयोगापुढे आलेली प्रतिज्ञापत्रं, जबाब, नकाशे, शवविच्छेदनाचे अहवाल आणि त्या दिवसाच्या बंदोबस्ताचे लेखी आदेश, जे जे सरकारच्या दप्तरात आहे ते सगळं वर्गवारी लावून लोकांना वाचायला खुलं करावं. ११४ जणांची यादी नाव, वय आणि गावासह शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत पोचावी. नागपूरच्या तुकडोजी महाराज विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने वाचलेल्यांचे जबाब ध्वनिमुद्रित करावेत. त्या दिवशी तिथे असलेल्या पोलिसांचेही करावेत, कारण निवृत्त झालेल्या शिपायालाही त्या संध्याकाळबद्दल सांगायचं असू शकतं. मोर्चा अडवण्याच्या जागेची क्षमता, बाहेर पडण्याच्या वाटा आणि निवेदन घेणाऱ्या मंत्र्याची वेळ यांचे नियम अधिवेशनाआधी छापून जाहीर व्हावेत. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, केंद्राची शिफारस लागत नाही, गोवारी अनुसूचित जमातीत येतात की नाही हेही ठरावं लागत नाही. राज्य सरकारचा एक निर्णय आणि भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळच्या खेड्यांत जाऊन बसणारी पाच-पन्नास मुलं एवढं पुरे. त्यांनी सुरुवात सत्तरी ओलांडलेल्या बायकांपासून करावी. १९९४ ला त्या चाळिशीत होत्या, अंगावरची लेकरं घेऊन मोर्चात चालल्या होत्या आणि काय झालं ते त्यांना दिसलं आहे.